बोडी घेऊन हैदराबादला

हैदराबादहून येऊन बरेच दिवस झाले, तरी लाखांदूरच्या चौकात कोणी ना कोणी विचारतंच, "काय मामा, मोठ्या मेळ्यात गेलते म्हणे! कसं होतं?" मी म्हणतो, "पाय दुखले." लोकांना वाटतं मी चेष्टा करतो. चेष्टा नाही बाप्पा, सगळ्यात आधी मला तेच आठवतं. आता एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे ज्याला विचारायचं त्यानं हे वाचावं आणि मला सुखानं चहा पिऊ द्यावा. बोलतो मी आमच्या झाडीपट्टीची बोली, पण लिहायला बसलो की गुरुजींनी छडी मारून शिकवलेलं मराठीच हातातून उतरतं. त्याला माझा इलाज नाही.

मी नाटकांचे पडदे रंगवतो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईला नाटक होतं आणि नाटकाला पडदे लागतात. राजवाडा, जंगल, गरिबाची झोपडी, शहरातला बंगला. सारं आयुष्य यातच गेलं. आता नाटक कंपन्या छापील फ्लेक्स लावतात, काहींनी तर मागे दिव्यांची भिंतच उभी केली. हाताचा पडदा मागणारे मालक फार थोडे उरलेत, आणि तेही भाव करताना असं बोलतात की जणू माझ्यावर उपकार करून राहिले.

पल्लवी माझी भाची, मोठ्या बहिणीची मुलगी. पुण्यात एका विमा कंपनीचं ॲप सांभाळायची. ते सोडून घरी आली आणि बापासमोर बसून म्हणाली, मी व्हिडिओ गेम बनवणार. भाऊजींना आधी वाटलं पोरीची तब्येत बिघडली. मग म्हणाले, ठीक आहे, बनव, पण हैदराबादला तो गेमवाल्यांचा मेळा भरतो म्हणतेस ना, तिथं कोणी तुझा गेम घेतला तर पुढे बोलू. नाही घेतला तर नागपूरला नोकरी धरायची आणि हे खूळ कायमचं बंद. पल्लवीनं कबूल केलं. ती शब्दाची पक्की आहे, म्हणून तर मला भीती वाटत होती.

गेमचं नाव 'बोडी'. बोडी म्हणजे आमच्या शेतातलं लहानसं तळं. गेममधली मुलगी फावड्यानं धुऱ्याला तोंड पाडत पाडत बोडीचं पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत नेते. बांधी म्हणजे धानाचं खाचर, धुरा म्हणजे त्याचा बांध. वाटेत खेकड्यांनी धुरे पोखरलेले असतात, तिथून पाणी निसटतं. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचलं की धान वाचलं, खेळ संपला. माझं पाणी कधीच पोचलं नाही, मी दर वेळी हरलो. पण गेममधली सगळी चित्रं माझी होती. मी कागदावर रंगवायचो, ती कॉम्प्युटरमध्ये चढवायची. दोन वर्षं आम्ही हेच केलं, आणि खरं सांगतो, फ्लेक्स आल्यापासून एवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

अजून एक सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पाळण्यातली असो की पोराबाळांची झालेली असो, तिची जागा देवाची. तिला द्यायचं, तिचं घ्यायचं नाही. तिला आपलं उष्टं ताट उचलू द्यायचं नाही, आपलं ओझं तर नाहीच नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. येऊ द्या.

म्हणून नागपूरच्या स्टेशनवर तिची बॅग, माझी पिशवी, कॉम्प्युटरची पेटी आणि मेळ्यासाठी रंगवलेल्या आठ फुटी पडद्याची गुंडाळी असं सारं मीच उचललं. पल्लवी मागून ओरडून राहिली, "मामा, एक तरी दे ना! लोक मले काय म्हणतीन?"

"म्हणू दे. तुह्या हाती ओझं देऊन मी नरकात जाऊ काय?"

गाडीत बसेपर्यंत खांदा कामातून गेला होता. तो अजूनही थंडीत ठणकतो.

पहिला दिवस

मी मनात धरलं होतं की मेळा म्हणजे मैदान असेल, मांडव असेल, धूळ असेल. तिथं तर शहराबाहेर एक भलामोठा बंद हॉल, आत एवढं गार की मी स्वेटर न आणल्याबद्दल स्वतःलाच शिव्या घातल्या. आत पाऊल टाकलं आणि कानठळ्या बसल्या. प्रत्येक मोठ्या कंपनीचा स्टॉल म्हणजे एकेक नाटक, आणि सगळी नाटकं एकाच वेळी सुरू. इकडे बंदुका, तिकडे मोटारी, मधेच एक ढोल. पोट्टेपोट्टी शिंगं लावून, पंख लावून, चांदीचा रंग फासून फिरत होते. एका मुलीच्या पाठीवरची तलवार तिच्यापेक्षा लांब होती. मी तिला विचारलं, "बेटा, वजन नही लगता?" ती म्हणाली, "थर्माकोल है अंकल," आणि तलवार माझ्या हातात दिली. काम चांगलं केलं होतं, फक्त मुठीचा रंग पोपडे धरत होता. मी तिला खळीचा उपाय सांगितला. त्या हॉलमध्ये मला कळलेली ती पहिली गोष्ट.

लहान गेमवाल्यांची जागा सगळ्यात मागे, संडासाच्या वाटेवर. प्रत्येकाला एक टेबल, दोन खुर्च्या, पायाखाली निळा गालिचा. मी मागच्या भिंतीवर पडदा टांगला. लगेच वायरलेस हातात घेतलेला एक जण धावत आला. पडदा आग विझवायच्या नळकांड्यावर येतो, काढा. मी सांगून पाहिलं, पण तो माणूस वरून आलेला हुकूम सांगत होता, त्याचंही काही चालत नव्हतं. शेवटी पडदा अर्धा दुमडून लावला. दोन रात्री जागून रंगवलेलं आभाळ आत गेलं आणि लोकांना फक्त चिखल दिसला.

गालिच्यावर चपला घालून कसं चढायचं? मी गालिच्याच्या काठाशी चपला काढल्या. पल्लवी म्हणाली, "मामा, इथं कोणी काढत नाही."

"ज्याले नाही काढायच्या त्यानं नको काढू. आपल्या बसायच्या जागेवर मी नाही चपला नेत."

मग गंमत अशी झाली की पहिला जो पोरगा खेळायला आला, त्यानं माझ्या चपला पाहिल्या आणि मुकाट्यानं बूट काढले. त्याचे बूट पाहून दुसऱ्यानं काढले. दुपारपर्यंत आमच्यासमोर जोड्यांची रांग लागली, आणि लोकांना वाटायला लागलं की इथं काहीतरी विशेष आहे. शेजारच्या टेबलवर इम्रान नावाचा हैदराबादी तरुण होता. त्याचा गेम एका बंद पडलेल्या लिफ्टचा. तो म्हणाला, "मामा, क्या दिमाग लगाए! मैं बी जूते उतरवाऊं क्या?"

"हौ," मी म्हणालो.

"हौ!" तो एकदम खूश झाला. "आप लोगां बी हौ बोलते?"

तेव्हा कळलं की हैदराबादला होकाराला हौ म्हणतात, अगदी आपल्यासारखं. एवढ्या लांब येऊन ओळखीचं काही सापडलं ते हेच. नाहीतर भाताच्या बाबतीतसुद्धा माझी निराशाच झाली. इम्राननं घरून बिर्याणी आणली होती, प्रेमानं वाढली, चव झकास. पण तांदूळ एवढा लांब आणि सुटा की घास बांधता येईना. आपला चिन्नोर शिजला की शेजारच्या घरी वास जातो आणि वरून लाखोळीची डाळ घातली की बोटांना चिकटतो. मी हे इम्रानला सांगितलं. तो म्हणाला, "नक्को मामा, बिर्याणी के सामने दाल की बात नक्को."

पाया पडायचा घोटाळा त्याच दिवशी झाला. मोठं काम सुरू करायच्या आधी भाचीच्या पाया पडायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. हॉल उघडला तसा मी वाकलो. नेमके तेव्हाच दोघं जण फोन उगारून समोरून जात होते, त्यांनी ते टिपलं. पांढऱ्या केसांचा माणूस जीन्स घातलेल्या पोरीच्या पाया पडतो, त्यांना केवढी मौज! पल्लवीचे कान लाल झाले.

"मामा, इथं नको ना."

"काहून? हैद्राबादेत आली त तू माही भाची नाही राहिली काय?"

ती हसली, पण नंतर बराच वेळ माझ्याकडे पाहीना. तिचंही बरोबर होतं. दिवसभर उभं राहून प्रत्येकाला तेच तेच इंग्रजीत सांगायचं, प्रत्येकाच्या तोंडाकडे आशेनं पाहायचं, आणि तो 'नाइस, नाइस' म्हणून निघून जायचा. मी तिला खुर्चीवर बस म्हणायचो. ती म्हणायची, बसलेलं चांगलं दिसत नाही. संध्याकाळी लॉजवर तिनं गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडले आणि तशीच डोळे मिटून बसली.

दुसरा दिवस

पहिल्या दिवशी गेम कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर होता. दुसऱ्या दिवशी पल्लवीनं दोन फोन बाहेर काढले, कारण गेम कंपनीवाले येणार होते आणि त्यांना फोनवरच पाहायचा असतो. या कंपन्या दुसऱ्यांनी बनवलेले गेम घेतात, नीटनेटके करतात आणि जगभर पोचवतात. भाऊजींचा 'कोणी घेतला तर' म्हणजे हेच लोक.

मी कोपऱ्यात उभा राहून खेळणाऱ्यांचे हात पाहत होतो. तोंडं पाहायचा कंटाळा आला होता. एक पोरगी खेळत होती. तिनं फोन आडवा धरला, दोन्ही अंगठे काचेवर ठेवले. डाव्या अंगठ्यानं मुलगी चालवायची, उजव्यानं फावडं मारायचं. तिचा डावा अंगठा बरोबर माझ्या मोहाच्या झाडावर बसला होता. उजव्याखाली बगळे गेले. तिची बोटं हलली तरी झाड काही दिसेना. दुसरा पोरगा आला, त्याचेही अंगठे तिथंच. तिसऱ्याचेही.

आणि मधात काय होतं? काहीच नाही. मातकट, सपाट, रिकामी जागा.

पडदा रंगवताना मधली जागा रिकामी सोडायची, हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. तिथं नट उभे राहतात. मधात झाड काढलं की राजाच्या डोक्यातून फांदी निघाल्यासारखी दिसते, मग मालक शिव्या घालतो. म्हणून जे काही देखणं असेल ते दोन्ही बाजूंना आणि वर. हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही, आणि करताना लक्षातही येत नाही. दोन वर्षं मी पल्लवीसाठी चित्रं काढली, ती सगळी तशीच. बाजूला जीव ओतला आणि तिथं लोक अंगठे ठेवतात. मधात खेळ चालतो, पाणी वाहतं, खेकडे येतात, तिथं मी माती फासून मोकळा झालो. धुरा कुठला, पाणी कुठलं, वेगळं दिसेचना. खेळणारे हरत होते आणि त्यांना वाटत होतं आपल्यालाच जमत नाही. मीही घरी तसाच हरत होतो.

दुपारी अशाच एका गेम कंपनीच्या रेवती मॅडम आल्या. चाळिशीच्या असतील, साधी सुती साडी, बोलायला मऊ. त्यांनी चपला पाहून आपल्या सँडल काढल्या, खुर्चीत बसल्या आणि शेवटच्या बांधीपर्यंत खेळल्या. तिथवर पोचलेल्या त्या पहिल्याच. मग त्या आणि पल्लवी बाजूला जाऊन इंग्रजीत बराच वेळ बोलल्या. मला काही कळलं नाही. पल्लवी परत आली तेव्हा टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं.

"काय म्हणे थे?"

"विचार करून सांगतो म्हणे."

"गेम आवडला काय?"

"आवडला म्हणे. तू पाणी पी, मामा. सकाळपासून उभा हायेस."

संध्याकाळी ती इम्रानशी बोलायला गेली तेव्हा मी लॉजवर एका जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिल धरून बसलो. म्हटलं, चल, मधात काढ. मधात धुरा काढला. मधात पाणी काढलं. हात आपोआप बाजूला सरकला आणि झाडाची फांदी ओढायला लागला. खोडलं. परत काढलं. परत तेच. मला रडू आलं, सांगायला लाज कसली! या वयात हात नवं काही ऐकत नाही, आणि हे मला त्या परक्या गावच्या लॉजवर कळायचं होतं.

तिसरा दिवस

शेवटच्या दिवशी गर्दी ओसरली होती. आमच्या जोड्यांच्या रांगेत फक्त माझ्या चपला होत्या. मी चहा आणायला बाहेर गेलो. तिथला चहा म्हणजे मशीनमधून पडणारं गोड गरम पाणी, पण हातात धरायला बरं. चहाच्या टेबलाशी रेवती मॅडम उभ्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा पडला.

"अंकल, सॉरी," त्या हिंदीत म्हणाल्या. "आपके चित्र सच में बहुत सुंदर हैं. मगर फोन पर नहीं चलते. हमारे आर्टिस्ट नए बना देते. आपको बुरा लगा होगा, मैं समझती हूं."

मी मशीनखाली दुसरा कप धरला. त्यांना वाटलं मला सगळं ठाऊक आहे.

"पल्लवी ने तो साफ मना कर दिया. बोली, चित्र बदले तो गेम नहीं दूंगी. मैंने कहा, इस हफ्ते सोच लो. लड़की होशियार है अंकल, मौका जाने मत दीजिए."

मी त्यांचा नंबर घेतला. दोन्ही कप घेऊन परत आलो आणि एक पल्लवीसमोर ठेवला. ती एका लहान मुलीला फावडं कसं मारायचं ते दाखवत होती. केवढी वाळली होती ती दोन वर्षांत! मी पाहत राहिलो आणि मला तिचा राग आला. फार राग आला. पण तिथं, लोकांसमोर, भाचीवर आवाज चढवायचा नव्हता. मी पडदा काढला, गुंडाळला, इम्रानचा निरोप घेतला. त्यानं मिठी मारली आणि "मामा, फिर आना, तुमारा चावल बी लाना" म्हणाला. गाडीत मी झोपेचं सोंग घेतलं. तीही घेत होती, मला कळत होतं.

कारधा

नागपूरहून भंडारा, भंडाऱ्याहून लाखांदूरची बस. वैनगंगेचा पूल ओलांडला आणि कारध्याला बसचं चाक बसलं. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, मग हळूहळू सगळेच उतरले. रस्त्याच्या कडेला एक ढिवराची बाई मासळी घेऊन बसली होती. तिनं मला पाहून टोपल्यावरचं ओलं फडकं उचललं. "घ्या ना भाऊ, आताच नदीतून काढलेले हायेत." मी मान हलवली. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"पल्लवी," मी म्हणालो, "तू त्या मॅडमले नाही काहून म्हटलं?"

ती दचकली नाही. नदीकडे पाहत म्हणाली, "तुले कोणं सांगितलं?"

"त्यायनंच सांगितलं. मले काहून नाही विचारलं?"

"तुले विचारलं असतं त तू हो म्हणला असता. म्हणून नाही विचारलं."

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"लोकायचे अंगठे कुठं पडतेत, थे तुले माहीत होतं?"

"हौ."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मंग माह्या तोंडावर बोलली काहून नाही? दोन वर्सं मी गाढवावानी बाजूच रंगवत बसलो!"

"बोलली असती त तू सारं फाडून पुन्हा बसला असता," ती म्हणाली. "रंगवताना तू कसा दिसते, तुले माहीत नाही मामा. फ्लेक्स आले तवापासून तुले तसं पाहिलं नव्हतं मी. मले वाटलं, कोणी तरी घेईनच असाच. नाही घेतला त नाही. नोकरी करीन. मरून थोडी राहिली मी!"

मासळीवाली बाई आता उघड उघड ऐकत होती. ऐकू दे. मी सगळ्यांसमोर बोललो. "अवं, भाचीचं कोणी घेते काय? मी तुले द्यायचं. तू माह्यासाठी सारं सोडून नागपूरले जाऊन बसशीन आन मी इथं पडदे रंगवीन? थे रंग माह्या हाताले लागतीन काय? मले पापात नको टाकू, पोरी."

ती रडायला लागली. मी फोन काढला आणि रेवती मॅडमना लावला. माझं हिंदी तिथं जमेल तसं बोललो. "मॅडम, मैं पल्लवी का मामा. लड़की ने ना बोली, वो मेरे कारण बोली. मैं हां बोलता. सारे चित्र निकाल दो."

त्या म्हणाल्या, "अंकल, हां उसी को बोलना पड़ेगा."

मी फोन पल्लवीसमोर धरला. ती घेईना. मी तसाच धरून उभा राहिलो, खांदा ठणकत होता तरी. तिकडे ड्रायव्हर चाकाचा नट सोडवताना बसला शिव्या घालत होता. शेवटी तिनं फोन घेतला, नाक पुसलं आणि पुलाच्या कठड्याकडे चालत गेली. फार वेळ बोलली. मधेच एकदा तिचा आवाज चढला, मग उतरला. परत आली तेव्हा डोळे सुजले होते.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"हो म्हटलं."

बस सुरू झाली. ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि लाखांदूर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. स्टँडवर तिनं स्वतःची बॅग स्वतः उचलली. मी अडवलं नाही. तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

लाखांदूर

घरी आल्यावर मी नाटकाच्या कामाला लागलो. मंडईचे दिवस, थोडं का होईना काम होतं. पल्लवी बहिणीच्या घरी वरच्या खोलीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची. कंपनीची नवी चित्रं येत होती. मी गेलो की ती कॉम्प्युटर मिटायची. मी विचारायचं सोडून दिलं. भाऊजी मात्र खूश होते, चौकात सांगत फिरायचे, पोरीचा गेम कंपनीनं घेतला. माझ्याकडे पाहून एकदा म्हणाले, "साळेबुवा, तुमचे चित्र नाही घेतले म्हणे?" मी म्हणालो, "नाही घेतले." वाईट वाटलं. काही दिवस तर फारच वाटलं. ब्रश धरला की वाटायचं, हे कशाला.

होळी झाली, नाटकं संपली. एका दुपारी पल्लवी माझ्या घरी आली. मी अंगणात खाटेवर पडलो होतो. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "खेळ."

"मले नाही जमत बाई. तुले माहीत हाय."

"खेळून त पाय."

मी उठून बसलो. नवी चित्रं पाहिली. चांगली होती. मला दोष काढायचा होता, पण निघाला नाही. मधात पाणी स्वच्छ दिसत होतं, धुरे हिरवे, खेकड्याची भोकं काळी. बाजूला साधी माती, तिथं अंगठे ठेवायचे. जिथं पाणी निसटलं तिथं मला ते निसटताना दिसलं, आणि मी फावडं मारलं. एक बांधी भरली. दुसरी भरली. पल्लवी खाटेच्या काठावर बसली होती. किती वेळ गेला कोण जाणे, माझी मान अवघडली, आणि पाणी शेवटच्या बांधीत उतरलं.

वाटलं, आता काही अक्षरं येतील, बाजा वाजेल. तसं काही झालं नाही. खेळातली मुलगी धुऱ्यावर बसली, आणि हळूहळू पडद्यावर एक चित्र उजळलं. दोन्ही कडांना सांजेची झाडं, वर तांबूस ढग, घराकडे वळलेली पाखरं. मधात रिकामी शांत जागा. ते माझं होतं.

"हे कायले ठेवलं?" मी विचारलं.

"मी पुलावर त्यायले म्हटलं, सारे बदला, पण शेवटचं नाही," पल्लवी म्हणाली. "थे म्हणे, काहून? मी म्हटलं, तिथं काहीच दाबाचं नसते. खेळ संपला की लोक अंगठे उचलतेत."

माझे अंगठे अजून काचेवरच होते. मी फोन खाटेवर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि पाहत बसलो.